बर्फीवरचा पापुद्रा

"मॅडम, काही हरवलंय का?" सिक्युरिटी गार्डने विचारलं.

मी पुण्यात खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डस्टबिनसमोर उकिडवी बसले होते. हातांत रबरी ग्लोव्हज, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात निर्जंतुक केलेली पिशवी. गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला.

"सँपल घेतेय," मी म्हणाले.

"कचऱ्याचं?"

"हो."

त्याने जरा विचार केला. "बाहेर न्यायचं तर गेटपास लागेल."

गेटपास मिळाला. मटेरियलच्या रकान्यात त्याने 'वापरलेलं प्लास्टिक' असं लिहिलं. मी म्हटलं, हे प्लास्टिक नाही. तो म्हणाला, मग काय लिहू? माझ्याकडे बरोबर उत्तर होतं, पण ते त्या रकान्यात मावलं नसतं आणि मागे लोक उभे होते. "प्लास्टिकच लिहा," मी म्हणाले.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. म्हणजे सूक्ष्मजीवांचा अभ्यास केलेली. त्या वेळी मी वाघोलीच्या एका फूड कंपनीत आर अँड डी बघत होते. बघत होते म्हणजे तिथे दुसरं कुणी नव्हतं. कंपनी मूळची फरसाण आणि मिठाईची. मालकांचे चिरंजीव अमेय सर परदेशातून एमबीए करून आले आणि त्यांनी जाहीर केलं की फरसाण संपलं, आता फंक्शनल फूड. फंक्शनल फूड म्हणजे पोट भरण्याखेरीज शरीरात आणखी काहीतरी काम करणारं खाणं. फरसाण काही संपलं नाही. आमचे पगार त्यातूनच होत होते. पण त्या घोषणेमुळे मला नोकरी लागली.

त्याआधी मी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे. कायम नोकरी होती. ती सोडली तेव्हा बाबांनी मला अडवलं नाही. ते स्वतः सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. पण विश्रांतवाडीत कुणी शेजाऱ्याने विचारलं, की सुनीता हल्ली काय करते, तर ते सांगायचे, "आधी ती पाण्यातले जंतू शोधून काढायची. आता बर्फीत घालते. प्रगती आहे."

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आमचं प्रॉडक्ट होतं अंजीर बर्फी, आणि तिच्यात प्रोबायोटिक, म्हणजे पचनाला मदत करणारे जीवाणू. दह्यातल्या जीवाणूंचेच हे भाऊबंद. 'जंतू' हा शब्द अमेय सरांनी कंपनीत बंद केला होता. "फ्रेंड्स म्हणा," ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या लॅबच्या फ्रिजवर चिठ्ठी होती: 'आत फ्रेंड्स आहेत. दार नीट लावणे.'

अडचण अशी, की अंजीर बर्फी गरम असतानाच थापावी लागते. गार झाली की हातोडी घ्यावी लागते. गरम बर्फीत जीवाणू घातले तर ते तिथेच मरतात. वरून शिंपडले तर साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते आणि ते जरा सावकाश मरतात. म्हणून मी सुचवलं, की बर्फी गार झाल्यावर तिच्यावर खाण्याजोगा पातळ पापुद्रा बसवायचा आणि जीवाणू त्या पापुद्र्यात ठेवायचे. याला एडिबल फिल्म म्हणतात. ती करायची बायोपॉलिमरपासून.

बायोपॉलिमर हे मोठं नाव आहे, वस्तू घरातली आहे. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांब माळ. प्लास्टिक ही खनिज तेलापासून केलेली माळ. निसर्गही अशा माळा करतो. भातातला स्टार्च, फळांतलं पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट. भाताची पेज ताटलीत सांडून सुकली की कडेला चकचकीत पापुद्रा धरतो आणि नखाने सोलता येतो. विद्या तेवढीच. बाकी सगळे तपशील.

तपशिलांनी मात्र दम काढला. आम्ही अल्जिनेट घेतलं, त्यात जीवाणूंना आधार म्हणून पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन घातलं. पहिला पापुद्रा पापडासारखा मोडला. तो लवचीक व्हावा म्हणून त्यात थोडं ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीन जास्त झालं. आमचे प्रॉडक्शन हेड अल्ताफभाई अत्तार केमिकल इंजिनिअर, घर कसब्यात. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, स्कूटरच्या सीटला छान होईल." पुढच्या तुकड्याला समुद्राचा वास आला. त्याच्या पुढच्यात सगळं जमलं, फक्त फ्रेंड्स मेले.

पण शेवटी जमलं. कांद्याच्या सालीइतका पातळ, चकचकीत, पूर्ण पारदर्शक. जिभेवर ठेवला की विरघळायचा. जीवाणू आठवडेच्या आठवडे जिवंत. बर्फीवर बसवला तर आहे की नाही तेही कळायचं नाही. अमेय सरांनी तुकडा उजेडासमोर धरला. "इनव्हिजिबल," ते म्हणाले. "हीच आपली यूएसपी."

आम्ही सगळे खूश होतो. पारदर्शकपणा हीच पुढे पंचाईत होईल, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

खराडीला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यात दिवसभर बसून काम करणाऱ्या मुलामुलींची पोटं बिघडत होती. अमेय सरांनी एका कंपनीच्या एचआरमधल्या रश्मी मॅडमना गाठलं. त्यांचा वेलनेसचा उपक्रम चालू होता. ठरलं असं, की रोज जेवणाबरोबर प्रत्येकाला एक अंजीर बर्फी द्यायची, नंतर फीडबॅक घ्यायचा आणि मी त्याचा रिपोर्ट सही करून द्यायचा. रिपोर्ट चांगला आला तर वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट. नाही आला तर माझ्या लॅबच्या खोलीत चकलीचं मशीन बसवायचं, असं अमेय सरांच्या वडिलांनी ठरवलं होतं. मशीनवाल्याचा माणूस टेप घेऊन खोलीचं मापही घेऊन गेला होता. जाताना सौजन्याने म्हणाला, "तुमचा फ्रिज ठेवा हवा तर. त्यात पीठ ठेवता येईल."

फीडबॅक आला तो उत्कृष्ट होता. हलकं वाटतं. सकाळ सुधारली. एकाने लिहिलं, झोप चांगली लागते. एकीची त्वचा उजळली होती. मी जीवाणूंवर कितीही विश्वास ठेवत असले, तरी त्वचेपर्यंत मी गेले नव्हते.

त्याच फीडबॅकमध्ये काही तक्रारी होत्या. पॅकिंग नीट निघत नाही. आतलं दुसरं प्लास्टिक चिकटलेलं असतं, त्याला कोपऱ्यात पकडायला टोक द्यावं. एका मुलीने पर्यावरणावर चांगला परिच्छेदभर मजकूर लिहून विचारलं होतं, एवढ्याशा बर्फीला प्लास्टिकची दोन आवरणं कशासाठी?

आम्ही आवरण एकच देत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी त्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. माझ्या समोरच्या टेबलावर एक मुलगा होता. त्याने वरचं पारदर्शक रॅपर फाडलं. मग नखाने पापुद्र्याची कड उचलली आणि इतक्या निगुतीने तो सोलला, की कुठे टरकला नाही. माझं सगळं संशोधन त्याने दोन बोटांत धरलं, त्याची गोळी केली आणि डस्टबिनमध्ये टाकली. बर्फी आवडीने खाल्ली. शेजारचीनेही तेच केलं. तिच्या शेजारच्यानेही. एकाने पापुद्रा न काढता घास घेतला, तर मित्र त्याला म्हणाला, "अरे, प्लास्टिक काढ ना आधी."

म्हणून मी डस्टबिनपाशी बसले होते.

लॅबमध्ये आणून मी त्या पापुद्र्यांचं प्लेटिंग केलं. म्हणजे काचेच्या उथळ डबीत जीवाणूंना आवडणारी जेली पसरायची, नमुना त्यावर सोडायचा आणि उबेत ठेवायचा. जो जिवंत असेल तो वाढतो आणि त्याचा ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे. माझ्या डब्या ठिपक्यांनी गच्च भरल्या होत्या. असा निकाल मला कधी मिळाला नव्हता.

मी अमेय सरांच्या केबिनमध्ये गेले. अल्ताफभाई तिथेच होते.

"फीडबॅक एक्सलंट आहे," अमेय सर म्हणाले.

"सर, त्यांनी खाल्लेलंच नाही."

"बर्फी खाल्ली ना?"

"बर्फी खाल्ली. फ्रेंड्स डस्टबिनमध्ये आहेत."

"जिवंत?"

"ठणठणीत."

"मग प्रॉडक्ट चांगलंच आहे की. हे बघा मॅडम, लोक खूश आहेत. पोटं सुधारली आहेत. आपण रिपोर्टवर सही करा, पुढचं पुढे बघू."

"पोटं अंजिराने सुधारली, सर. आमच्या आज्यांच्या आधीपासून अंजीर तेच करतंय. लेबलवर आपण जीवाणूंचं नाव घातलंय. मी सही करणार नाही."

हे वाक्य मी बऱ्यापैकी शांतपणे म्हटलं. चकलीवाल्याची टेप मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि 'प्रगती आहे' म्हणणारे बाबाही.

अमेय सरांनी रिपोर्टची फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वडील होते. "मग लोकांना सांगा खायला," शेवटी ते म्हणाले. "एज्युकेट करा."

रश्मी मॅडमनी ऑडिटोरियम दिलं. मी स्लाइड केली: हे प्लास्टिक नाही. हॉल बऱ्यापैकी भरला होता, कारण त्या वेळी बाहेर कसलंतरी ट्रेनिंग होतं आणि ते टाळायचं होतं. मी माळा समजावल्या, पेज समजावली. मग प्रश्न आले.

"मॅम, इन्ग्रेडियंट्समध्ये प्लास्टिसायझर लिहिलंय."

"ते ग्लिसरीन आहे. पापुद्रा लवचीक करणाऱ्या पदार्थाला तसं म्हणतात."

"ग्लिसरीन साबणात असतं ना?"

"असतं. केकमध्येही असतं."

"म्हणजे केकमध्ये साबण असतो?"

दुसरा उठला. "अल्जिनेट समुद्रातलं आहे म्हणालात. आमच्याकडे फिश चालत नाही."

"ते शेवाळ आहे. वनस्पतीसारखं."

"पण समुद्रातलं."

"मीठही समुद्रातलंच असतं," मी म्हणाले. तो खाली बसला, पण त्याचा चेहरा सांगत होता की आता तो मिठाबद्दलही विचार करतोय.

मला वाटलं, बोलून उपयोग नाही, करून दाखवावं. "मी तुमच्यासमोर खाते," मी म्हणाले. टेबलावर आम्ही दाखवायला काही बर्फ्यांची रॅपर आणि पापुद्रे काढून ठेवले होते. मी एक पारदर्शक तुकडा उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि जिभेवर ठेवला. "बघता बघता विरघळतो," मी म्हणाले.

तो विरघळला नाही. मी चावला. तो करकरला. तेव्हा मला कळलं, की मी रॅपर खाल्लं आहे.

पहिल्या रांगेतल्या अल्ताफभाईंना माझ्याही आधी कळलं होतं. ते बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"टेस्ट कशी आहे, मॅम?" रश्मी मॅडमनी माइकवरून विचारलं.

"न्यूट्रल," मी म्हणाले. हे खरं होतं. तुकडा मी गालात सरकवला आणि पुढचे प्रश्न तसेच घेतले. एकाने फ्रिजमध्ये ठेवायची गरज आहे का विचारलं, एकीने लहान मुलांना चालतं का विचारलं. मी जपून, छोट्या शब्दांत उत्तरं दिली. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅम, विरघळला का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. दोनच दिवसांपूर्वी मी सहीवरून अमेय सरांना तत्त्वं ऐकवली होती. आता हो म्हणणं जमेना. मी रुमाल तोंडाशी नेला, तुकडा काढला आणि म्हणाले, "नाही. हे वेष्टन आहे. चुकून उचललं."

पूर्ण हॉल हसला. ते हसणं बरंच चाललं. ट्रेनिंगला बसलेले लोक काय झालं म्हणून दारातून डोकावून गेले.

रश्मी मॅडम मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता नकार देतील. त्या म्हणाल्या, "आमच्या वेलनेसच्या सेशन्समध्ये इतके लोक शेवटपर्यंत कधी थांबत नाहीत. सुधारून आणा, आपण परत ट्रायल करू. फक्त खाऊन दाखवू नका."

गाडीत अल्ताफभाई म्हणाले, "कसं लागलं, मॅडम?"

"पॅकिंग मजबूत आहे."

"नाही, मी गंभीरपणे विचारतोय. महिनोन् महिने तुम्ही ती फिल्म हाताळताय. तुम्हाला ओळखता आली नाही, तर त्या पोरांना कशी येणार?"

पोरं मूर्ख नव्हती. मिठाईवर पारदर्शक काही दिसलं तर ते काढून टाकावं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि योग्यच शिकवलेलं होतं.

अल्ताफभाईंना बहिणीकडे मिठाई न्यायची होती. गाडी लांब लावून आम्ही कसब्याच्या गल्लीतून चालत दुकानात गेलो. तिथे एक गृहस्थ उभ्याउभ्या काजूकतली खात होते. वरचा वर्ख चकाकत होता. अल्ताफभाईंनी मला कोपराने खुणावलं. "चांदी खातायत," ते हळू आवाजात म्हणाले. "धातू. विरघळते का, कुणी विचारत नाही."

मला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही पापुद्र्यावर वर्ख बसवला. दिसायला झकास. कुणी सोलला नसता. पण प्लेटिंग केलं तर ठिपके भराभर कमी झालेले. चांदीचा गुणच जंतुनाशक आहे, आणि ती फ्रेंड्स आणि शत्रू असा फरक करत नाही. अल्ताफभाईंनी डबी बघून मेलेल्या फ्रेंड्ससाठी, टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं.

मी उरलेली वर्खाची बर्फी घरी नेली, सोबत साध्या पापुद्र्याचीही. बाबा पेपर वाचत बसले होते. मी बशी पुढे ठेवली. त्यांनी पेपरातून डोळे न काढता साध्या बर्फीचा पापुद्रा सोलून बशीच्या कडेला ठेवला.

"बाबा, तुम्ही हे काढता?"

"मग काय खाऊ प्लास्टिक?"

"मी किती महिने घरी आणतेय ही बर्फी."

"हो. मी रोज काढतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, पण कंपनीला सांग, एवढं चिकटवून देऊ नका."

आईने तेवढ्यात शेजारून लग्नाची आलेली मिठाई बशीत ठेवली. तिच्यावर पिस्त्याचे काप होते. बाबांनी ती खाल्ली. दोन-तीन काप बशीत गळले होते, ते त्यांनी बोटाच्या टोकाने एकेक टिपून तोंडात टाकले. पेपर वाचतच.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. पुण्यात पिस्ता टाकून देणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

मग आम्ही पापुद्रा ओला असतानाच त्यात पिस्त्याचे काप आणि केशराच्या काड्या रोवल्या. सोलायचा तर पिस्ता हातात येणार, आणि पिस्ता हातात आला की तोंडात जाणार. सरळ जमलं नाही. पिस्त्याबरोबर बुरशी पाहुणी आली, म्हणून काप आधी वाफवून सुकवावे लागले. वजनाने पापुद्रा फाटला, म्हणून पेक्टिन घालून जाड केला. लेबलवर मी 'एडिबल फिल्म' काढून 'केशर-पिस्ता पापुद्रा' लिहिलं. अमेय सरांना 'इनव्हिजिबल' गेल्याचं दुःख झालं, पण त्यांनी ते आवरलं.

दुसऱ्या ट्रायलला मी पुन्हा कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. एकानेही काही सोललं नाही. एक मुलगा बर्फीआधी पापुद्राच अलगद उचलून खाताना दिसला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

फीडबॅक मात्र वाईट आला. पोट गुडगुडतं. गॅसेस होतात. मीटिंगमध्ये बसवत नाही. पहिल्या वेळी उजळलेल्या त्वचेबद्दल आता कुणी काही बोलेना.

"हे काय?" अमेय सरांनी कागद माझ्यापुढे टाकला. "नव्हते खात तेव्हा बरे होते."

"आता खातायत, सर. नवे जीवाणू पोटात गेले की सुरुवातीला असं होतं. जुने आणि नवे जागेवरून भांडतात. थोडे दिवस जाऊ द्या."

"आणि मी रश्मी मॅडमना काय सांगू?"

"प्रॉडक्ट काम करतंय असं सांगा."

त्यांनी खरंच तसं सांगितलं. थोडे दिवस गेले, गुडगुड थांबली आणि नंतरचा फीडबॅक बेताचा चांगला आला. झोपेचा उल्लेख नाही, त्वचेचा नाही, फक्त 'बरं वाटतं'. त्या रिपोर्टवर मी सही केली. कॉन्ट्रॅक्ट मिळालं, मागितलं होतं त्याच्या निम्मं. लॅब राहिली.

पुढे ती बर्फी दुकानांत गेली आणि तिथे चांगली चालली. सगळ्यात जास्त दिवाळीत, भेट द्यायला. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने जीवाणूंबद्दल विचारलेलं नाही. पिस्ता कमी झाल्याची तक्रार मात्र दर हंगामाला येते.

जीवाणू कसे जगवायचे ते पुस्तकांत मिळतं. खाताना माणूस काय काढून टाकतो, ते मिळत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसावं लागतं. आता नवं प्रॉडक्ट आलं की मी आधी कुणालातरी ते खाताना बघते आणि नंतर मायक्रोस्कोपमध्ये डोकावते. उलट क्रमाने केलं तरी माहिती तीच मिळते, फक्त उशिरा.